आठ दिवसांत जमतं

फिनेलचा वास आला की मला घाटकोपरच्या त्या दवाखान्यातली ओली फरशी आठवते. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. मॅट्रिकच्या निकालानंतर माझ्या मोठ्या बहिणीने जीव दिला, त्याला तीन महिने झाले होते. तेव्हापासून वर्गात पेपर समोर आला की माझे हात कापायला लागत आणि श्वासच घेता येत नसे. चाळीतल्या बायका म्हणत, "हिला बाहेरचं लागलंय, उतारा काढा." आईने कोणाचं ऐकलं नाही, मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. परीक्षेचं नुसतं विचारलं तरी माझे हात कापायला लागले. बाईंनी मला चपला काढायला लावल्या. "पाय फरशीवर टेक. गार लागतंय ना? आता श्वास हळूहळू सोड आणि समोर काय काय दिसतं ते सांग." मी सांगू लागले, "खिडकी. पंखा. आईची पिशवी. आईचे हात." आईचे हात थरथरत होते, माझे थांबले होते. "रोज असंच करायचं. आठ दिवसांत जमतं," बाई म्हणाल्या. आईने एकदम विचारलं, "आठच दिवस?" बाईंनी मान डोलावली. "मग माझ्या थोरलीलाही जमलं असतं ना, बाई?" बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला ते खरंच आठ दिवसांत जमलं, पण आईसमोर मी ते कधीच केलं नाही. आज आई नाही, तरी जीव घाबरा झाला की मी आधी खोलीचं दार लावून घेते.