दुसऱ्या सहीची जागा

गिरणाकाठी हिवाळाभर दुर्बीण लावून बसलं, की पक्षी कमी आणि किस्सेच जास्त मिळतात! भडगावच्या आम्हा चार-पाच पक्षीवेड्यांची एक नोंदवही आहे. ती माझ्या ताब्यात. मी सातवी पास. पण पक्ष्यांतलं मला कुणी शिकवायला येऊ नये.

*

आमच्यातले नाना निवृत्त मास्तर. एकदा धापा टाकत आले. "अक्का, दुर्मीळ बगळा! हलतसुद्धा नाही!"

गुडघाभर चिखल तुडवून मी गेले. थर्माकोलचा तुकडा!

त्याच दिवशी मी नियम केला. दुर्मीळ पक्षी दोघांनी पाहायचा, दोघांनी सही करायची, तरच नोंद पक्की.

"फार कडक होतंय," नाना पुटपुटले.

"सैल नियम थर्माकोलला चालतो!"

*

मी तापाने पडले होते, तेव्हा सलीमभाई टेलर एकटेच काठावर गेले. संध्याकाळी माझ्या दारात उभे.

"अक्का, एवढासा पक्षी, पाण्यावर बसून बॉबिनसारखा गरगर फिरत होता!"

"चोच?"

"हातशिलाईची सुई."

"डोळ्यामागे?"

"काळं ठिगळ."

फॅलरोप! समुद्रावर हिवाळा काढणारा, वाट चुकून आमच्या गिरणेत! पुस्तकात त्याचं चित्र बघून बघून ते पान फाटलं होतं माझं. दुसऱ्या दिवशी तापातच गेले. तो गेला होता.

सलीमभाईंनी वहीत सही करून पेन पुढे केलं.

"मी पाहिला नाही. सही नाही."

ते हसले. "जागा रिकामी ठेवू. येईल तो."

*

मग दर हिवाळ्यात आम्ही दोघं तिथेच. म्हशींना पाणी पाजायला आलेल्या बाईने एकदा विचारलं, "अक्का, काय धुंडी राहिनी?"

"पक्षी."

"बठ्ठा तं समोरच शेतस!" तिने समोरच्या सगळ्या पक्ष्यांवरून हात फिरवला.

"जो नही शे, तोच पाहिजे!"

ती म्हशी घेऊन लांबून गेली. सलीमभाई पोट धरून हसत होते.

*

सलीमभाई जाऊन दोन वर्षं झाली. यंदा एकटीच बसले होते. उन्हात, काठाजवळच, पाण्यावर काहीतरी गरगर फिरलं. सुई. ठिगळ.

"भाई, बघा!" म्हणत मी वळले.

बाजूला फक्त थर्मास होता.

संध्याकाळी नानांनी विचारलं, "अक्का, तुम्ही एकट्याच होतात. मग नियम?"

मी वहीचं जुनं पान काढलं आणि सलीमभाईंच्या सहीखाली माझी केली.

नानांनी चष्मा लावला. "पण अक्का, तो दिवस वेगळा, हा वेगळा!"

"पक्षी तोच आहे," मी म्हटलं आणि वही मिटली.