टेलरकाकांचा न जाणारा आजार

आजार बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर साऱ्या गल्लीला पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला : घाटंजीत माझ्या खोलीसमोर शिवणयंत्र चालवणारे टेलरकाका. विदर्भ तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. आपण नेमके कुठे आहोत हेच लोकांना उमगत नव्हतं, त्यात काकांनी ही भर घातली. त्यांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे उठत आणि पांढरे खवले गळत. लोकांनी महारोग ठरवून कपडे शिवायला देणंच सोडलं. काका नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेले आणि हसत परतले. "मास्तर, महारोग नाही! कोनाले लागत नाही. फक्त जात नाही!" डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं इंग्रजी नाव मी 'सोरायसिस' असं वाचलं. काकांना इंग्रजी मुळाक्षरं येत. पहिल्याच 'पी'वर बोट ठेवून ते म्हणाले, "हे बोलाचंच नाही, तं लिवलं कायले?" मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. उत्तर अजून सापडलेलं नाही.

मग दर बाजाराच्या दिवशी काका स्टुलावर उभे राहून, बाह्या वर सारून भाषण देऊ लागले. लोक औषधवाला समजून जमत. एकदा एका बाईंनी विचारलं, "औषध कोनतं हाय?"

"औषध नाही."

"मंग इकून काय राह्यले?"

"काहीच नाही. समजावून राह्यलो."

बाई स्टुलाखाली वाकून पाहून गेल्या.

तिथेच कोणीतरी काकांना सांगितलं की जवळच्या एका खेड्यात अशाच चट्ट्यांच्या सुनेला गोठ्यात ठेवलंय, ताटपेला वेगळा करून. भर मे महिन्यात काका मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. अंगणात त्यांनी इतकं समजावलं की सासू पार गोंधळली. "म्हंजे रोग हाय का नाही?"

"हाय. पन तसा नाही."

"तसा म्हंजे कसा?"

काका उठले, गोठ्यात गेले, सुनेच्याच पेल्यातून घटाघटा पाणी प्यायले. पेला पुन्हा भरून त्यांनी माझ्यापुढे धरला. सगळं घर माझ्याकडे पाहत होतं. आजार लागत नाही हे मला ठाऊक होतं, मीच तर चिठ्ठी वाचली होती. पण हात वर जाईना. का, ते मला तेव्हाही कळलं नाही. मग दाराशी मान खाली घालून बसलेला तिचा नवरा उठला, काकांच्या हातून पेला घेतला आणि प्यायला. थोड्या वेळाने सासूने सुनेला घरात बोलावलं, "ये, च्या ठेव सगळ्याइले."

तो चहा मात्र मी प्यायलो. परतीच्या वाटेवर काका दोन-तीनदा माझ्याकडे पाहून, शेवटी अगदी हळू म्हणाले, "मास्तर, तुमाले तवा तहान नसंन."

"नव्हती," मी म्हणालो. घसा कोरडा पडला होता.