देवीच्या निद्रेतला आवाज

भाद्रपद उतरायला लागला की ती घटना आजही आठवते. विसरावी म्हटलं तरी विसरत नाही. निजामी राजवट होती. परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्यावर मी अमीन, म्हणजे फौजदार, म्हणून नवाच आलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवत नसे.

हद्दीतल्या एका गावात देवीचं पुरातन दगडी देऊळ होतं. घटस्थापनेआधी आठ दिवस तिथं देवी निद्रेला जाई. पहिल्या संध्याकाळी मूर्ती पलंगावर निजवायची, समई शांत करायची, गाभाऱ्याच्या सागवानी दाराला कुलूप घालायचं. घट बसेपर्यंत ते कुणी उघडायचं नाही. मग जत्रा.

निद्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच एक विधवा मजूर बाई ठाण्यात आली. तिची एकोणीस वर्षांची मुलगी आदल्या संध्याकाळपासून बेपत्ता होती.

"बोलाया येत न्हाई सायेब तिला, ऐकूबी येत न्हाई. कुनाला वाट पुसंल ती?"

रोजनामच्यात नोंद करून मी गावात गेलो. विहिरी, ओढा, कडब्याच्या गंजी पाहून झाल्या. देवळात म्हातारा गुरव बंद दारापुढं बसला होता. मी विचारपूस सुरू करताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू सायेब. आई कूस पालटायलीय. कान द्या."

मी कान दिला. आतून खरवडल्यासारखा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"घूस आहे," मी म्हणालो. "देवीच्या पलंगाखाली बीळ केलंय तिनं."

माझ्यासोबतचा जमादार हसला. गुरवानं स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या. "लय शिकल्यात सायेब," एवढंच पुटपुटला.

त्याच दुपारी खबर मिळाली. मुलगी शेवटची दिसली ती जत्रेसाठी आलेल्या कासारापुढं, बांगड्या भरताना. कासार त्या सकाळीच गावातून निघून गेला होता. ताडकळसच्या वाटेवर आम्ही त्याला धरला आणि हवालातीत टाकला.

"पोरगी कुठं नेलीस?"

"सायेब, हिरव्या बांगड्या भरल्या. तिनं हात जोडले, देवळाकडं बोट केलं आन गेली. आईला दाखवायच्या आसतील."

मी त्याला मारलं. सांगायला लाज वाटते, पण मारलं. खोटं बोलणारा माणूस मार बसला की हकीकत बदलतो, तिच्यात भर घालतो. याचा इजहार, म्हणजे जबाब, तीन दिवसांत एका शब्दानं हलला नाही. मुलीची आई तेवढे दिवस ठाण्याच्या पायरीवर बसून होती. आत आवाज चढला की उठून उभी राहायची.

सहाव्या दिवशी सकाळी कासार पुन्हा तेच बोलला, आणि मी तडक देऊळ गाठलं.

"आता आवाज न्हाई सायेब," गुरव समाधानानं म्हणाला. "परवापासनं आई गाढ झोपलीय."

मी दाराचं कुलूप हातात धरलं. "कुलूप लावण्याआधी आत पाहिलं होतं?"

"हाक मारली की तीन डाव, कोन हाय का म्हून. कुनी ओ दिली न्हाई."

गाव आडवं आलं. मी कुलूप तोडलं. मुलगी उंबऱ्याला लागून पडली होती, प्राण गेलेला. देवीच्या पलंगामागं प्रदक्षिणेला गेली असताना दार लागलं असावं. तिला ना हाक ऐकू आली, ना कुलूप. दाराच्या आतल्या अंगाला हात पोचेल तिथवर ओरखडे होते आणि खाली हिरव्या काचा.

कासाराला सोडलं. त्यानं आपली पेटी उचलली, माझ्याकडं पाहिलंही नाही.

पंचनाम्यात गुरवाचा इजहार आला: आवाज ऐकला, देवीचा समजून गप्प राहिलो. गावानं त्याला देवळाची पायरी बंद केली. मुलीची आई पदरात काचा वेचत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "सायेब, तुमी दुसऱ्याच दिशी आल्ता की हितं. तुमाला आला न्हाई का आवाज?"

"नाही," मी म्हणालो.

पुढं पुष्कळ गुन्हे उघडकीला आणले, शाबासक्याही मिळाल्या. पण या प्रकरणानं शिकवलं ते नोकरीभर पुरलं. गुरवाला देवी ऐकू आली, मला घूस. त्याच्यापाशी श्रद्धा होती, माझ्यापाशी पदवी, आणि दार दोघांनीही उघडलं नाही. तेव्हापासून एखादी गोष्ट मला लगेच कळली, की मी तीच आधी तपासायला घेत असे.

त्या पंचनाम्यात मी ऐकलेल्या आवाजाची नोंद नाही. ती आज इथं करतो आहे.