वेगळेपणाचा मान

ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन भागातल्या त्या घरात मला सोफ्यावर बसवलं, उकडीचे मोदक वाढले आणि सांगितलं, तू आमची सून होऊ शकत नाहीस.

अगदी गोड आवाजात.

सांगणारे निखिलचे बाबा. निखिल आणि मी इथे एकाच ऑफिसात इंजिनियर, लग्न ठरवून बसलेलो. आम्ही नागपूरचे बौद्ध. त्याच्या बाबांना ते पहिल्यापासून माहीत होतं. तरी माझे मोदक संपेपर्यंत थांबले.

मग त्यांनी फ्रान्सचा विषय काढला. तिथल्या कट्टर उजव्या विचारवंतांची पुस्तकं ते इंग्रजीतून वाचतात. ते लोक आधी वंशाचीच भाषा करायचे, पुढे शहाणे झाले म्हणे. आता म्हणतात, श्रेष्ठ-कनिष्ठ कोणी नाही, सगळे फक्त वेगळे. बाहेरून आलेल्यांनीही आपली संस्कृती जपावी, शेजारी खुशाल राहावं. फक्त सरमिसळ नको.

“तुमची परंपरा मोठीच आहे गं,” ते म्हणाले. “म्हणूनच ती तुमच्यात राहू दे.”

जात हा शब्द एकदाही तोंडातून काढला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आजोबांना गावातले लोक तोंडावर जातीवरून शिव्या द्यायचे. हा माणूस तेच करत होता, वर माझा मान राखतोय म्हणत होता.

त्यांच्यामागे भिंतीवर थोरल्या मुलाच्या लग्नाचा फोटो. सून इथलीच, न्यूझीलंडची गोरी, नऊवारीत. मी विचारलं, मग ही सरमिसळ नाही का?

“तो विषय वेगळा.”

निखिलची आई चहा टाकायला आत गेली.

“काका,” मी म्हटलं, “त्या पुस्तकवाल्यांना तुम्हीही नकोच आहात. त्यांच्या दारात आपण दोघं एकाच रांगेत उभे आहोत.”

“एका रांगेत?” म्हणाले, आणि हसले. ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही.

निखिल साहेब एवढा वेळ फोनमध्ये. मी उठून निघाले तसा ड्राइव्हवेपर्यंत मागे आला. थोडा टाइम दे म्हणाला, बाबा येतील लाइनवर. मी विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं?

“त्यांचंही अगदीच चूक नाहीये.”

गाडीत ढसाढसा रडले, खोटं कशाला बोलू? मग त्यानं घातलेली अंगठी काढली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याच्या टेबलावर ठेवली, सगळे बघत असताना. लग्न मी मोडलं. विचारेल त्याला तसंच सांगते.

माझी लायकी सिद्ध करायला आता मी कुणाच्या सोफ्यावर जाऊन बसणार नाही. आणि पुन्हा कुणी गोड आवाजात मला वेगळी म्हणालं, तर चारचौघांत त्याला जातीचं नाव घ्यायला लावीन. घेतल्याशिवाय उठू देणार नाही.