आधी परत काय आणलंस ते दाखव

पाठकबाईंची आणि माझी पहिली भेट माझ्याच लग्नाच्या वरातीत झाली, आणि त्या भेटीत त्यांनी मला घोडीवरून खाली उतरवलं. श्रीगोंद्यात बँड रंगात आला होता, मी फेट्याचा तुरा सांभाळत अवघडून बसलो होतो, आणि पदर कमरेला खोचलेल्या एक बाई बँडच्या मधून सरळ चालत आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. घोडीच्या मानेवर हात ठेवून त्या तिच्याशी काहीतरी पुटपुटल्या, खोगिराच्या कडेखाली बोटं घातली आणि मग मला म्हणाल्या, "नवरदेव, उतरा. हिच्या पाठीला जखम आहे. तुमचे पाय धड आहेत ना?" सासरे तणतणत पुढे आले, घोडीवाला गयावया करू लागला, पण बाई लगाम सोडेनात. शेवटी मी मांडवापर्यंत चालत गेलो. माझ्या संसारातला पहिला शहाणपणाचा सल्ला मला तिथे मिळाला, असं बायको अजून म्हणते.

त्या गुरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर होत्या. घर मूळचं नगरचं. वडील भिक्षुकी करायचे, काका संस्कृत शिकवायचे, आणि या एकट्या शेणामुताच्या वाटेला गेल्या म्हणून घरात बरीच वर्षं अबोला होता. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "राहून गेलं. एका म्हशीचं बाळंतपण अडलं होतं." खरं काय ते कुणालाच कळलं नाही. कुठल्याही घरी गेल्या की आधी गोठ्यात, मग ओसरीवर. माणसांची विचारपूस त्या चहा संपता संपता करत, आणि तीही बेताचीच.

मी हायस्कुलात मराठी शिकवतो आणि यात्रेच्या शर्यतींना माईकवर बोलतो. काष्टीजवळच्या आमच्या गावात यात्रेच्या दुसऱ्या दिवशी घोडेस्वारांची शर्यत असते. बाई निवृत्त झाल्यावर यात्रा कमिटीनं त्यांना घोडे तपासायला बोलावलं. सहीपुरती एक डॉक्टर हवी होती, एवढाच कमिटीचा हिशोब होता. बाईंनी होकार दिला, पण स्वतःच्या अटीवर. शर्यतीआधी प्रत्येक घोडा दूध डेअरीपुढच्या सिमेंटच्या कोब्यावर हातात धरून दुडक्या चालीनं पळवून दाखवायचा. बाई डोळे मिटून नुसत्या टापा ऐकत. एखादी टाप हलकी पडली, की डोळे न उघडता म्हणत, "हा घरी जाईल." शर्यत संपल्यावर स्वारानं स्वतः खोगीर उतरवायचं, आणि बाई पांढऱ्या कापडानं घोड्याच्या कुशी आणि तोंडाचे कोपरे पुसणार. कापडाला रक्त लागलं तर तो स्वार बाद, मग तो कितीही पुढे आलेला असो.

पहिल्याच वर्षी पहिला आलेला असा बाद झाला, तेव्हा घोड्याचा मालक जीपमधून उतरून अंगावर आला. तालुक्यात वजन असलेला माणूस. "बाई, घोडा माझा हाय. काय बोलायचं ते माझ्याशी बोला." बाईंनी त्याला हातानं बाजूला केलं, जशी एखादी फांदी करावी, आणि त्या स्वाराकडे वळल्या. "घोडा यांचा असेल. वर तू बसला होतास. चाबूक कुणाच्या हातात होता?" तो पोरगेलासा गडी मान खाली घालून उभा राहिला. मालक फणफणत निघून गेला, आणि पुढच्या वर्षी त्याच घोड्यावर दुसरा स्वार घेऊन आला.

जिंकून आलेला स्वार हात वर करत यायचा, लोक आरडाओरडा करत त्याच्या मागे असायचे, आणि बाई आडव्या उभ्या राहून दर वेळी तेच म्हणायच्या, "जिंकलं कोण ते नंतर. आधी परत काय आणलंस ते दाखव." आम्ही त्यांची नक्कल करायचो. बाजारातून आलेल्या नवऱ्याला बायका तसं विचारायच्या. बाईंनाही ते माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं.

या सगळ्यात त्यांचा जीव कुणावर असेल तर तो सोमनाथवर. सोमनाथ आमच्याच गावचा, ऊस आणि थोडा कांदा करणारा, तिशीच्या आतला. त्याच्या मैना नावाच्या घोडीचा जन्म बाईंच्या हातावर झालेला. शिंगरू आडवं आलं होतं, बाईंनी पहाटेपासून खटपट करून आई आणि शिंगरू दोघांना वाचवलं होतं. सोमनाथ घोडीच्या तंगाखाली आईच्या जुन्या लुगड्याची घडी घालायचा, म्हणजे पट्टा काचू नये. शर्यत संपली की गुलालाकडे पाठ करून मैनेला फिरवत राहायचा, तिचा श्वास खाली बसेपर्यंत. चाबूक त्यानं कधी घेतलाच नाही. बाई इतर स्वारांना म्हणायच्या, "माझं ऐकू नका. त्याच्याकडे बघा." बाईंचं म्हणणं एकच होतं, की स्वाराला घोड्याची जबाबदारी कळू शकते, शिकवली तर कळते. सोमनाथ हा त्यांच्या त्या म्हणण्याचा एकुलता एक पुरावा होता.

मग शर्यतींना चांगले दिवस आले. गावागावांत फलक लागले, स्वारांचे फोटो पुढाऱ्यांच्या शेजारी झळकू लागले, मोबाईलवर शर्यती थेट दिसू लागल्या. सोमनाथला लोक बाहेरगावीही ओळखायला लागले. लग्न ठरेना अशा पोराकडे आता मुलींकडचे लोक येऊ लागले. त्यात वाईट काय होतं? मलाही माईकवर त्याचं नाव घेताना चेव चढायचा. त्याची पाठ थोपटायला सगळेच होते. मैना मात्र दर आठवड्याला कुठे ना कुठे पळत होती.

त्या वर्षी आमच्या यात्रेला सोमनाथचा टेम्पो उसाच्या ट्रॅक्टरांत अडकला आणि तो अगदी ऐन वेळी पोचला. बाकीचे घोडे रेषेवर उभे, लोक शिट्ट्या मारतायत, कमिटीचे लोक घड्याळ दाखवतायत. बाई कोब्यावरच उभ्या होत्या. सोमनाथ खाली उतरून म्हणाला, "बाई, लई उशीर झालाय. मैना ठणठणीत हाय." बाईंनी मैनेच्या कपाळावर हात फिरवला आणि त्याच्याकडे पाहिलं. "तू म्हणतोस ना?" तो म्हणाला, "व्हय." आणि बाईंनी मैनेला कोब्यावर न पळवताच सोडलं. बाईंनी त्या कोब्यावरून न तपासता सोडलेली ती एकच घोडी.

मैना पहिली आली. रेषा ओलांडून पुढे गेली आणि तिचा पुढचा पाय गुडघ्याखाली दुमडला. मी माईकच्या मचाणावर होतो म्हणून मला दिसलं. बाकीच्यांना फक्त निशाण दिसत होतं. सोमनाथ पडला, उठला, आणि त्याला काही कळायच्या आत लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि ते देवळाकडे निघाले. बाई चप्पल टाकून धावत मैनेजवळ पोचल्या. हाड बाहेर आलं होतं. त्यात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, होतं ते एकच. बाईंनी पिशवीतून इंजेक्शन भरलं आणि मला हाताने खूण केली, त्याला बोलवा.

मी माईकवरून सोमनाथचं नाव पुकारलं. लोकांना वाटलं मी विजेत्याचा जयजयकार करतोय. मी जितक्या वेळा नाव घेतलं तितक्या वेळा त्यांनी गुलाल उधळला आणि हलगीवाल्यांना चेव आला. मी शेवटी ओरडून सांगितलं की घोडी पडलीय, तेही त्या गदारोळात बुडालं. बाई सुई हातात धरून देवळाच्या दिशेला बघत होत्या. त्यांना तो तिथे हवा होता. मैनेचं डोकं त्याच्या मांडीवर असावं, आपण काय केलं ते त्यानं शेवटपर्यंत बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण मैना त्या मोडक्या पायावर उठायची धडपड करायला लागली. मी माईक टाकून खाली पोचलो तेव्हा बाई म्हणाल्या, "नाही हो थांबता येत. त्याच्यासाठी हिला कसं थांबवू?" आणि त्यांनी सुई टोचली.

सोमनाथ आला तेव्हा मैनेवर ताडपत्री घातलेली होती. तो तिच्या पोटाशी बसून लहान मुलासारखा रडला. मग न विचारताच त्यानं सांगून टाकलं, की पाय आठ-पंधरा दिवस दुखत होता, वाटेत एकाकडून पाय बधिर करायचं इंजेक्शन मारून घेतलं. "ह्यो एकच डाव म्हनलं हुतं, बाई. मग हिला इसावाच देनार हुतो." बाईंनी त्याला नेहमीचा तो प्रश्न विचारला नाही. पिशवी आवरली आणि मला म्हणाल्या, घरी सोडता का.

कमिटीची बैठक दोन दिवसांनी चावडीत झाली. बाई आपणहून आल्या. उभं राहून म्हणाल्या, "सोमनाथनं बधिर केलेली घोडी पळवली, त्याला बाद करा. आणि मी ती तपासली नाही. तपासली असती, तर पाय बधिर असला तरी माझ्या कानांना संशय आला असता. म्हणून आधी मला काढा, मग त्याला." इतकं सरळ कुणी कमिटीपुढे बोललं नसेल. बराच वेळ खल झाला. घोडी रेषा ओलांडून पडली, अलीकडे नाही, असा मुद्दा निघाला. पोरानं घोडी गमावली, वर ढालही काढून घ्यायची का, असंही निघालं. शेवटी कमिटीनं बाईंच्या दोन मागण्यांपैकी एक मान्य केली. बाईंना काढलं. ढाल सोमनाथच्या घरी राहिली, आणि पुढच्या वर्षीपासून एक तरुण डॉक्टर मंडपात खुर्चीवर बसून सह्या करायला लागला. मीही त्या वर्षापासून माईक सोडला, पण त्यानं कुणाचं काही अडलं नाही.

त्यानंतर बाई खचल्या. दिसायला तशाच होत्या, पण गोठ्याआधी ओसरीवर बसायला लागल्या. एकदा मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, की तुमच्यामुळे निदान काही वर्षं तरी घोड्यांना मार कमी बसला. त्या म्हणाल्या, "मार कमी झाला नाही. रक्त न काढता पळवायचं कसं ते ही मंडळी शिकली. शिकायला भाग मी पाडलं." ते खोटं असावं असं फार वाटतं.

सोमनाथनं वर्षभरात दुसरी घोडी घेतली, सोनी. तिचा पाय सुजला तेव्हा तो बाईंच्याच दारात उभा राहिला, आणि बाई त्याच्याबरोबर निघाल्या. मला राग आला, तो मी बोलून दाखवला. बाईंनी मला गप्प केलं. "घोडी त्याची आहे म्हणून तिचा पाय कमी दुखतो का?" सोनीच्या पायावर हात फिरवून त्यांनी त्याला सांगितलं, शिरेला इजा आहे, ही आता शर्यतीची नाही, तू हिच्यावर बसून हिला पळवायचं नाहीस. सोमनाथनं त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, तुमचा शब्द मोडनार न्हाई.

थंडी सुरू होताना बाई गेल्या. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी उठल्या नाहीत. नगरहून भाचा आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना नेलं. स्मशानात माणसं फार नव्हती. सोमनाथ मात्र आदल्या संध्याकाळपासून बाईंच्या घरीच होता, लाकडं त्यानंच आणली, खांदा दिला, आणि सरण पेटल्यावर तो असा हंबरडा फोडून रडला की भाचाही त्याला धरून रडायला लागला. त्याचं रडणं मला खोटं वाटलं नाही. माझा राग तिथे बराचसा विरघळला.

आम्ही बाहेर आलो तर रस्त्याच्या कडेला त्याचा टेम्पो उभा होता आणि आत सोनी होती. चारी पायांवर नीट उभी, चकचकीत खरारा केलेली. मी विचारलं, कुठे निघालास. शुक्रवार होता.

"घोडेगावच्या बाजारला, सर. इकतोय हिला. काष्टीच्या बाजारात समदे वळखत्यात, तिथं कोन घ्येत न्हाई."

मी म्हणालो, "अरे, पण ती लंगडते ना?"

"दुपारपातूर न्हाई लंगडायची. इंजेक्शन दिलंया." त्यानं बाहीनं डोळे पुसले. ते अजून लाल होते. "बाईंनी सांगितलं हुतं, तू पळवू नको म्हनून. त्यांचा शब्द न्हाई मोडायचा मला. मी न्हाई पळवनार आता हिला."

"आणि घेणारा?"

त्यानं टेम्पोचं फाळकं लावलं, कडी नीट बसली का ते दोनदा ओढून पाहिलं.

"ते घेनाऱ्याचं घेनारा बघंल, सर," तो म्हणाला, आणि मला नमस्कार करून निघून गेला.