न खपलेलं गाणं

ग्लेनिस एंटविसलला खपलेलं गाणं आवडत नसे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

इंग्लंडात ॲक्रिंग्टनला आमच्या गल्लीत ती माझ्या घराला लागून राहते. तेव्हा बेकरीत कामाला होती. जन्मभर पीठ मळलं. नवरा होता, तो गेला. मेला नाही, गेला. जाताना म्हणाला, "या घरात माणसांना बसायला खुर्ची नाही, रेकॉर्डना मात्र कपाट आहे." ग्लेनिस म्हणाली, "खुर्ची घेऊन जा." तो खरंच घेऊन गेला.

तिचं सगळं आयुष्य त्या रेकॉर्डमध्ये होतं. आमच्या लँकेशायरच्या गिरणी कामगारांचं हे जुनं वेड. अमेरिकेतल्या काळ्या गायकांनी साठ-पासष्टच्या सुमाराला गायलेली सोल गाणी, तीही गाजलेली नव्हेत. जी तिकडे कुणी विकत घेतली नाहीत, गोदामात धूळ खात पडली, ती या लोकांनी शोधून आणली आणि त्यांच्यावर नाचून नाचून क्लबांच्या फळ्या झिजवल्या. तिकडे पडलं ते इकडे चढलं. बूट घसरावेत म्हणून जमिनीवर टाल्कम पावडर टाकतात. ग्लेनिस म्हणायची, "आठवडाभर मैदा, रविवारी पावडर. माझं काही पांढरं सुटत नाही."

महिन्यातून एका रविवारी, दुपारपासून संध्याकाळपर्यंत, विणकरांच्या क्लबात हा नाच चाले. अजूनही चालतो. गाणी लावायला पाच-सहा जण, त्यांत बाई एकटी ग्लेनिस. ती जागा तिला फुकट मिळाली नव्हती. क्लिफर्ड ऑर्मरॉड नावाचा एक म्हातारा, तिथला सर्वेसर्वा, जुन्या रेकॉर्डचा व्यापारी, याने तिला कित्येक वर्षं नुसतं सँडविचच्या टेबलामागे उभं केलं होतं.

क्लिफर्डचे दोन कायदे. एक, रेकॉर्ड त्या काळातलीच हवी. पुन्हा छापलेली नको, नवी तर नकोच. दुसरा कायदा नव्हे, रिवाज. कुणाच्या हाती फारच दुर्मिळ गाणं लागलं, तर तो लेबलावर कागद चिकटवून वर एखादं बनावट नाव लिहितो, म्हणजे दुसऱ्याला ते सापडू नये. यात कुणाला लबाडी वाटत नाही. शेजारणीने मसाल्याचं प्रमाण सांगू नये, तसंच हे. इतरांनी विचारायचं नसतं. तर्क मात्र करायचा, आणि जन्मभर करायचा.

ग्लेनिसची मुलगी केरी. तिला शाळेत गणित मी शिकवलं. गणित यथातथाच होतं, पण आवाज असा की मागच्या बाकावर गुणगुणली तरी वर्ग थांबायचा. पुढे ती लंडनला गेली आणि 'हनी मंडे' नावाच्या तीन मुलींच्या गटात गायला लागली. चकचकीत कपडे, उड्या, शाळकरी पोरींच्या भिंतींवर फोटो. दोन अल्बम धडाधड विकले गेले. ग्लेनिसने दोन्ही ऐकले आणि म्हणाली, "कपडे धुवायच्या पावडरची जाहिरात छान आहे. गाणं कधी सुरू होतं?"

मी तिला झापलं होतं. "अगं, पोटची पोर आहे!"

"म्हणून तर सांगते. परक्याला मी छान म्हणते."

केरीने ते मनाला लावून घेतलं. तिसऱ्या अल्बमच्या वेळी ती कंपनीशी भांडली. यंत्रावरचे ठोके नकोत, खरे वाजवणारे हवेत. कर्णे, व्हायोलिनं, सगळे एका खोलीत बसवून जुन्या पद्धतीने ध्वनिमुद्रण. आईच्या कपाटाखाली बसून लहानपणी जे ऐकलं होतं, तेच तिने केलं. अल्बम आला आणि आपटला. शाळकरी पोरी म्हणाल्या, ही तर आजीची गाणी. आणि खरे आजी-आजोबा, म्हणजे आमच्या क्लबातले, कव्हरवरच्या त्या रंगवलेल्या तोंडांकडे बघून दुकानात पुढे निघून जात. धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटचा.

नाचाच्या रविवारआधी शुक्रवारी केरी घरी आली. मी तिथेच होते. तिने टेबलावर एक छोटी रेकॉर्ड ठेवली. प्रसिद्धीसाठी कंपनीने थोड्याशाच काढलेल्या, त्यातली.

"मम, एकदाच वाजव. रविवारी."

"नाही."

"ऐकलंस तरी का?"

"ऐकलं."

"मग?"

"चहा गार होतोय."

केरी माझ्याकडे वळली. "मिस, तुम्ही सांगा हिला. रविवारी खपाची यादी येणार. त्यात आम्ही नसलो तर सोमवारी कंपनी गट मोडणार. परवा त्यांचा माणूस मला तोंडावर म्हणाला, हे नेमकं कुणासाठी केलंत ते तरी दाखवा. सोलवाले यावर नाचतात एवढं सांगता आलं, तर निदान एक गाणं अजून काढतील."

"क्लिफर्ड मला बाहेर काढेल," ग्लेनिस म्हणाली. "नवी रेकॉर्ड, त्यात पोटच्या मुलीची. तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"म्हणजे तुझी जागा महत्त्वाची."

"तुला काय ठाऊक ती कशी मिळवली!"

"ठाऊक आहे ना. सँडविचच्या टेबलाखालीच बसायचे मी." केरी उठली, कोट घेतला, आणि दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी ग्लेनिसची पेटी माझ्या गाडीतून नेली. वाटेत मी दोनदा विचारलं, "आणलीस का ती?" तिने खिडकीची काच खाली केली.

तिची पाळी आली तेव्हा क्लब भरला होता. तिने तीन नेहमीची गाणी लावली. मग पेटीतून चौथी काढली, आणि मला लेबलावर कागद दिसला. तिच्याच गोल अक्षरात लिहिलं होतं, 'अर्लीन टिप्टन'. या नावाची बाई जगात नव्हती. मी कप खाली ठेवला.

कर्णे वाजले. मग केरीचा आवाज आला.

आधी भिंतीला टेकलेले दोघे-तिघे सरळ झाले. मग नाचायच्या जागेत गर्दी झाली. गुडघे बदललेला कीथ शिंकणाऱ्या माणसासारखा मागे वाकला, हात टेकून खाली गेला आणि उठला. पुन्हा गेला, आणि त्याला दोघांनी उठवलं. गाणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या. तिथे टाळ्या सहसा पडत नाहीत. "परत! परत लाव!" ग्लेनिसने परत लावलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

क्लिफर्ड गर्दीतून वाट काढत आला.

"हे मला माहीत आहे," तो म्हणाला.

ग्लेनिस पेटीतल्या रेकॉर्ड सरळ करत राहिली.

"डेट्रॉइट. सहासष्ट. लेबल हिरवं. एकदाच पाहिलं होतं, एका मेलेल्या माणसाच्या घरी. मला वाटलं जगात तेवढी एकच."

"असेल," ग्लेनिस म्हणाली.

"असेल काय? आहेच! ही टिप्टन-बिप्टन तू लावलेली थाप, ते कळतं मला. खरं नाव मी सांगणार नाही, काळजी करू नकोस." त्याने चक्क तिचा खांदा थोपटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आता ती नुसती गप्प राहिली असती, तर त्या क्लबात मरेपर्यंत राणी झाली असती.

तेवढ्यात केरी आत आली. राखाडी कोट, तोंडाला रंग नाही, कुणी ओळखली नाही. दारातच ती थबकली. स्वतःचाच आवाज, आणि त्यावर नाचणारी ती माणसं. मग सरळ यंत्राजवळ आली आणि फिरत्या तबकडीकडे वाकून बघितलं.

"मम, ही अर्लीन कोण?"

"पोरी, बाजूला हो," क्लिफर्ड म्हणाला. "आजकालच्या मुलींना हे नाही कळायचं. असा आवाज आता तयारच होत नाही."

केरीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईला म्हणाली, "फोन आला होता. पहिल्या शंभरातही नाही." आणि परत जायला वळली.

"थांब," ग्लेनिस म्हणाली.

तिने सुई उचलली. नाचणारे जागच्या जागी उभे राहिले. तिने माइक हातात घेतला, रेकॉर्ड वर धरली आणि नखाने कागद फाडला. तो एकदम निघाला नाही. चिकटून तुकड्या-तुकड्यांनी निघाला, आणि तेवढा वेळ सगळा क्लब तिच्या नखाकडे बघत होता.

"हे 'हनी मंडे'चं आहे," ती म्हणाली. "दोन महिन्यांपूर्वीचं. गाते ती माझी मुलगी, ती बघा तिथे."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "ती तोंड रंगवलेली पोरगी? नाचवलंस की गं आम्हाला, ग्लेनिस!" कुणी शिट्टी मारली. एक बाई म्हणाली, "शरम वाटायला हवी!" क्लिफर्डचा चेहरा बीटासारखा झाला. हिरवं लेबल, सहासष्ट साल, मेलेला माणूस, सगळं त्याच्याभोवती उभं होतं.

"नव्या गाण्याला इथे जागा नाही," तो म्हणाला. "नियम आहे."

"नियम नंतर. आधी मला एक सांगा," ग्लेनिस म्हणाली. "आपण जन्मभर नाचलो त्या कुणाच्या गाण्यांवर? ज्यांना कंपन्यांनी हाकललं त्यांच्या. जे विकलं गेलं त्याला आपण हात लावला नाही. हे विकलं गेलेलं नाही. आत्ताच कळलं, शंभरातही नाही. याहून जास्त पडायचं तरी कसं एखाद्या गाण्याने?"

"चाळीस वर्षांनी आण," क्लिफर्ड म्हणाला.

सगळे हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं. त्याने तिच्या हातून माइक घेतला, स्वतःची रेकॉर्ड लावली आणि हळू आवाजात, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणाला, "वर्षभर या यंत्राला हात लावायचा नाही."

ग्लेनिसने पेटी बंद केली. एक बाजू मी धरली, दुसरी केरीने.

गाडीत बसल्यावर केरी फुटली. "मला खोट्या नावाने वाजवलंस! मी मेले असते तरी चाललं असतं, अर्लीन जिवंत राहिली असती!"

"नाव फाडलं ना मी."

"मी आले म्हणून! नसते आले तर?"

ग्लेनिस म्हणाली, "नसतीस आलीस तर नसतं फाडलं. धीर झाला नसता." ती केरीकडे वळली. "हे गाणं पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी पाव करपवले, केरी. भट्टीसमोर उभी राहून. तुला सांगता आलं नाही. चहा गार होतोय म्हणणं सोपं होतं."

केरीने नाक पुसलं. "कीथ खरंच मागे वाकला?"

"दोनदा. दुसऱ्यांदा वर आला नाही."

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. क्लिफर्ड. कोटाशिवाय, थंडीत. मी काच खाली केली.

"आणखी एक आहे का ती?" त्याने कुणाकडे न बघता विचारलं.

"खोकं भरून," केरी म्हणाली. "कंपनी फेकून देणार आहे."

"एक दे. कुणाला बोलू नका."

"कागद लावून वाजवणार?"

तो हातांवर फुंकर मारत राहिला. म्हणजे हो.

"मग नाही देणार," केरी म्हणाली. आईकडे न बघता म्हणाली. "नावासकट वाजवायची असेल तर घ्या. नाहीतर चाळीस वर्षांनी या."

क्लिफर्ड तिथे बराच वेळ उभा राहिला. मी इंजिन चालू केलं तेव्हा त्याने रेकॉर्ड घ्यायला खिडकीतून हात आत घातला.

गट सोमवारीच मोडला. कंपनीला क्लिफर्ड ऑर्मरॉडशी काही देणंघेणं नव्हतं. केरी गावी परत आली. आता ब्लॅकबर्नला मुलांना गाणं शिकवते आणि लग्नांत गाते.

पुढच्या महिन्यात आम्ही तिघी क्लबात गेलो. ग्लेनिस यंत्राकडे फिरकली नाही, बंदी होती. क्लिफर्डने आपल्या पाळीत ती रेकॉर्ड लावली. लेबल उघडं. माइकवर, चुलत्याच्या तेराव्याला आल्यासारखं तोंड करून, त्याने गटाचं नाव घेतलं आणि साल सांगितलं. अर्धे लोक नाचायच्या जागेतून बाजूला झाले. मागे 'शरम' म्हणालेल्या त्या बाईने पाठ फिरवली.

अर्धे राहिले. ग्लेनिसने बूट पावडरमध्ये घासले आणि मध्यभागी गेली.