कराचीला न गेलेले कमांडर

कमांडर उपेंद्र गलगली ऑगस्टमध्ये गेले आणि त्यांच्या अंगातली चळवळ हेमलताबाईंच्या अंगात शिरली. निवृत्तीनंतरची बारा वर्षं बंगळुरात, चामराजपेटेतल्या त्या घरात कमांडरसाहेब एका जागी म्हणून बसले नव्हते. सकाळी मार्केटपर्यंत चालत जाऊन यायचे, मग दिवसभर घराला फेऱ्या. फेरी मारताना समोर येईल त्या वस्तूवर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि कान द्यायचा, ही खोड. गॅसचा सिलिंडर, गच्चीवरची टाकी, न्हाणीतला पाईप, बाजारातला नारळ, आणि एकदा तर जावयाची कोरी करकरीत स्कूटर. "अहो, बसा की स्वल्प," असं हेमलताबाई दिवसातून दहा वेळा म्हणत आणि ते दहाही वेळा ऐकून न ऐकल्यासारखं करत.

आता त्या स्वतःच बसत नव्हत्या. लावलेलं कपाट पुन्हा उपसायच्या, देवाची भांडी दोनदा घासायच्या, गॅसवर दूध ठेवून फाटकापाशी जाऊन उभ्या राहायच्या. डिसेंबर लागला तशी तर त्यांची पार तारांबळ उडाली, आणि त्याला कारण होते चंद्रकांत.

चंद्रकांत म्हणजे मराठी मंडळाचे सेक्रेटरी. एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. पुण्याहून येऊन वीस वर्षं झाली होती, पण बंगळुरात अजून पाहुण्यासारखेच राहत. मंगळवारी ते चार पानं घेऊन आले आणि पायातले बूट काढता काढताच बोलू लागले.

"वहिनी, युद्धाला पंचवीस वर्षं होतायत. येत्या रविवारी, आठ तारखेला, सकाळी दहाला सरांच्या आठवणींचं फंक्शन ठेवलंय. हॉल बुक केलाय. हे त्यांचं चरित्र मी लिहिलंय, स्टेजवर वाचणार आहे. तुम्ही फक्त ऐका."

आणि त्यांनी वाचून दाखवलं. बत्तीस सालचा जन्म, नौदलात इंजिनिअर म्हणून भरती, तीन जहाजं, कोचीन, विशाखापट्टण, मुंबई. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग आवाज चढवून, "आणि एकाहत्तरच्या डिसेंबरात कराचीच्या दर्यावर शत्रूची झोप उडवणारे आपले उपेंद्रराव!"

"कसं वाटलं?" चंद्रकांतनी विचारलं.

"छान आहे," हेमलताबाई म्हणाल्या.

"आणि एक सरप्राइज! सरांच्या हाताखालचा माणूस सापडलाय. यल्लाप्पा म्हणून आहेत, के. आर. पुरमला राहतात. पेपरातली श्रद्धांजली वाचून त्यांनीच फोन केला. तेही दोन शब्द बोलणार आहेत."

चंद्रकांत गेले, कपातली कॉफी गार झाली, तरी हेमलताबाई दाराची कडी धरून उभ्याच. कारण कमांडरसाहेब कराचीला गेलेच नव्हते. त्यांना कराचीला पाठवलं होतं ते हेमलताबाईंनी.

ते असं झालं. युद्ध पेटलं तेव्हा मुंबईत अंधार पाळायचा हुकूम होता, म्हणून उपेंद्ररावांनी बायकोला चामराजपेटेत थोरल्या भावाकडे पाठवलं होतं. थोरले कृष्णाजी, सगळ्यांचे अण्णा. त्यांच्या बायकोचा, रत्नाबाईंचा, भाऊ तिकडे पंजाबच्या आघाडीवर. रोज रेडिओला कान लावून सगळी आळी अंगणात जमायची आणि रोज कुणीतरी विचारायचं, "तुमच्या यजमानांचं काय कळलं हो?" युद्ध संपल्यावर पाचव्या दिवशी पत्र आलं. उपेंद्ररावांच्या हातची तीनच वाक्यं. "जहाज निघालंच नाही. बॉयलर तयार नव्हता. मी बरा आहे."

चौदा दिवसांच्या युद्धात नवरा गोदीत बॉयलरजवळ बसून होता! हेमलताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात रत्नाबाईंनी अंगणभर बायकांसमोर विचारलं, "काय गं, कुठं होते आमचे भावोजी?"

"कराचीला," हेमलताबाई म्हणाल्या. बोलून गेल्या, आणि घरात जाऊन पत्र बंबात घातलं.

अण्णांनी त्याच संध्याकाळी आळीभर मैसूरपाक वाटला. फेब्रुवारीत उपेंद्रराव रजेवर आले तर स्टेशनावर हार घेऊन माणसं उभी. त्यांनी हार घालून घेतले. घरी आल्यावर मात्र बायकोला गच्चीवर बोलावून घेतलं.

"हे कुणी सांगितलं?"

"मी."

त्यांनी टाकीवर दोनदा टकटक केलं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच कानडीत म्हणाले आणि खाली उतरले. पुन्हा त्या विषयाचा चकार शब्द नाही. फक्त त्या दिवसापासून ते मंडळाच्या, नातलगांच्या, कुठल्याच समारंभाला गेले नाहीत. लोक म्हणत, माणूस मोठा झाला की आढ्यता येते. हेमलताबाईंनाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं. इकडे अण्णा मात्र जो भेटेल त्याला धरून कराची सांगत. लग्नात सांगत, मुंजीत सांगत, दाढी करायला आलेल्या न्हाव्याला सांगत. कमांडरसाहेब तेवढ्यात उठून बाहेर फेरी मारायला जात.

शुक्रवारी हेमलताबाईंना राहवेना. मार्केटवरून बस पकडून त्या के. आर. पुरमला गेल्या. वाटभर त्या वाक्य जुळवत होत्या. यल्लाप्पा, तुम्ही या, शाल घ्या, पण त्या डिसेंबराचं काही बोलू नका. माणूस गेला, आता त्याची अब्रू ठेवा. वाक्य जुळायचं आणि सिग्नलला बस थांबली की विस्कटायचं.

यल्लाप्पांचं घर रेल्वेलाइनीपासून हाकेच्या अंतरावर होतं. नौदल सुटल्यावर त्यांनी रेल्वेच्या इंजिनांच्या शेडमध्ये नोकरी केली होती. मूळचे बेळगावकडचे. साठीचा, दणकट, एका कानानं कमी ऐकणारा माणूस. हेमलताबाईंना बघून ते गडबडीनं उठले, खुर्ची पुसली, आणि आधी पायाच पडले.

"अक्का, तुम्ही कशाला आलासा? मीच आलो असतो की!"

हेमलताबाईंनी जुळवलेलं वाक्य कसंबसं म्हटलं. यल्लाप्पा गोंधळले.

"बोलू नको? पण मी तेच सांगायला येणार हाय की, अक्का. दुसरं काय सांगू?"

"म्हणजे?"

"साहेबांनी सही केली नाही ते."

हेमलताबाईंना काही कळेना. यल्लाप्पांनी मग सावकाश, मोठ्या आवाजात सांगितलं. त्यांचं जहाज जुनं, म्हातारं. बॉयलरच्या आत शेकडो नळ्या, नळ्यांत पाणी, भोवती आग. पूर्ण वेगात असताना अशा नळ्या फुटल्या तर बॉयलरखोलीतली माणसं वाफेनं भाजून मरतात आणि जहाज भर समुद्रात आंधळं होऊन उभं राहतं. तीन तारखेला निघायचा हुकूम आला. दाबाची चाचणी घ्यायला वेळ नव्हता. मग यल्लाप्पा हातोडी घेऊन आत शिरले आणि एकेक नळी ठोकत गेले. चांगली नळी खणखणते, झिजलेली बसकी वाजते.

"बसक्या वाजल्या बघा, अक्का. मी सांगितलो, साहेब, मला पसंत नाही. साहेब म्हणाले, सरक. स्वतः आत शिरले, बोटांनी वाजवून ऐकले. पुन्हा पुन्हा ऐकले. बाहेर येऊन म्हणाले, मी सही करणार नाही. इंजिनिअरची सही नसता जहाज निघत नाही की. कप्तान साहेब समजावले, मग चिडले. वरून फोन आले. मेसमध्ये कोण कोण तोंडावर भित्रा म्हणाले. सगळी जहाजं गेली, आमचं तेवढं धक्क्याला. साहेब चौदा दिवस जेवले नाहीत धड, नुसते डेकवर फिरायचे."

"आणि नळ्या?"

"नंतर कापून बघितल्या. अकरा नळ्या कागदासारख्या! पण चौकशीच्या कागदावर काय लिहिलं, म्हाईत हाय? 'कदाचित टिकल्या असत्या.'" यल्लाप्पांनी मान हलवली. "त्या एका 'कदाचित'नं साहेबांचं सगळं थांबलं. पुढं एकच बढती, मग नाही. जहाजावर एकशेसाठ माणसं होती, अक्का. मी त्यातला एक. माझी तीन पोरं हायत."

हेमलताबाईंना बसवेना. त्या उठल्या, पुन्हा बसल्या. त्या तीन वाक्यांच्या पत्रात हे एवढं होतं, आणि ते त्यांनी बंबात घातलं होतं. पंचवीस वर्षं त्या माणसाशेजारी जेवल्या, भांडल्या, त्याच्या टकटकीला हसल्या, पण बॉयलर का तयार नव्हता एवढं विचारलं नाही. लाज वाटली ती नवऱ्याची, आणि ती लाज त्यानं पाहिली होती. पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, "यल्लाप्पा, तुम्ही या रविवारी. सगळं बोला. पण आधी मला बोलू द्या."

रविवारी हॉल भरला होता. सर्जापूर रोडकडं नवी बिऱ्हाडं केलेली कॉम्प्युटरवाली मुलंसुद्धा आली होती. टेबलावर गणवेशातला फोटो, हार. पहिल्या रांगेत अण्णा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काठीवर हनुवटी टेकून बसलेले. चंद्रकांतनी चार पानं उघडली तशा हेमलताबाई उठल्या आणि माईकपाशी गेल्या.

"ते वाचायच्या आधी एक दुरुस्ती आहे," त्या म्हणाल्या. "आमचे यजमान कराचीला गेले नव्हते. त्यांचं जहाज धक्क्याला होतं. ते गेले होते असं मी सांगितलं. खोटं सांगितलं. कारण मला त्यांची लाज वाटली होती. का गेले नाहीत, ते आता यल्लाप्पा सांगतील. ते मला परवापर्यंत माहीत नव्हतं."

हॉलमध्ये कुजबुज उठली आणि विरली. चंद्रकांतनी हातातली चार पानं घडी करून खिशात घातली. यल्लाप्पा बोलले, आपल्या बेळगावी मराठीत, अडखळत, नळ्यांचा आवाज तोंडानं काढून दाखवत. टाळ्या झाल्या की नाही हे हेमलताबाईंना नंतर आठवेना. त्यांची नजर सारखी अण्णांवर. ज्या माणसानं मैसूरपाक वाटला, ज्यानं गावभर छाती फुगवून भाऊ मिरवला, त्याला आज चारचौघांत त्यांनी खाली पाहायला लावलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर त्या त्यांच्या पायाशी वाकल्या. "अण्णा, तुम्हाला पंचवीस वर्षं फसवलं मी. माफ करा."

"फसवलंस कुठं?" अण्णा म्हणाले. "मला ठाऊक होतं."

"काय?"

"तो रजेवर आला ना, स्टेशनावर हार घातले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केटला जाताना त्यानं सांगितलं. अण्णा, मी गेलो नव्हतो. पण हेमानं सांगून टाकलंय, आता तिला कुणी खोटी म्हणता कामा नये. मला ते तोंडानं बोलता येणार नाही, तर तू बोलत जा."

हेमलताबाईंना आता उलगडलं. म्हणून लग्नात, मुंजीत, न्हाव्यापुढे. म्हणून त्या वेळी कमांडरसाहेबांची बाहेर फेरी.

"मला काय हौस होती गं?" अण्णांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "तो गेल्यावरही थांबवता येईना. तू ऐकत होतीस ना. आता सुटलो बघ. दमलो होतो मी."

हेमलताबाई त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. ऑगस्टपासून पहिल्यांदा रडल्या, मोठ्यानं, सगळ्यांसमोर, आणि बराच वेळ उठल्या नाहीत.